समजा

एकशे वीस जागा. एकेचाळीस मुलं.
उरलेल्या एकोणऐंशी खुर्च्या
समिती येते तेव्हा आम्ही बंद प्रयोगशाळेत रचून ठेवतो,
म्हणजे वर्ग भरलेला दिसतो.

मी निर्णयशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर.
पुढच्या सत्रात मी असेन की नसेन
हे मला कुणी सांगत नाही,
आणि अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा
हे मी सोमवारी-गुरुवारी सव्वाअकराला सांगतो.

जूनपासून दुपारी फोन.
सिन्नर, चांदवड, कळवण, सटाणा,
यादीतला एकेक नंबर.
नमस्कार, गंगापूर रोडवरून बोलतोय,
आपल्या मुलीनं सीईटी दिलीय ना?
एक बाई म्हणाल्या,
नोकरीचं काय ते बोला सर,
इमारत पाह्यलीय आम्ही.
इमारत चांगलीच आहे. सगळी काचेची.
मार्चात आत माणूस भाजून निघतो.

जिन्यापाशी नोकरी लागलेल्यांचे फोटो.
खालच्या रांगेतला सुमेध पगारे
गेल्या वर्षी पुण्याला लागला, दिवाळीआधी परत आला.
माझं काम आता एक प्रणाली करते, म्हणाला.
तिला शिकवलं मीच, सर. तीन महिने.
चांगली शिकली.
फोटो काढायचा का, यावर आमची बैठक झाली.
कुलथे मॅडम म्हणाल्या, राहू द्या,
काढला तर खिळा दिसतो.

त्या गुरुवारी फळ्यावर मी झाड काढलं.
फांदीला फांदी, प्रत्येक फांदीवर आकडा.
समजा, मागणी वाढेल: शून्य पूर्णांक सहा.
समजा, घटेल: शून्य पूर्णांक चार.
बेरीज एक.
बेरीज कायम एकच यायला हवी.

प्रणोती सानप. तिसरा बाक, खिडकीकडून.
सर, हे सहा कुठून आणले?

समजा म्हटलंय ना मी.

हो, पण समजायचं कुणी?

तिच्या वडिलांची अंबडला दोन लेथ मशिनं.
त्यांच्याकडे सहा नसतात.
जेवण झालं की ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात,
समोरचं प्रेस शॉप तिसऱ्या पाळीला धडधडत असलं
तर सकाळी सळया मागवतात.
नसलं, तर थांबतात.

आणि कान चुकला तर?

चुकतो की.
पहिल्या सत्राची फी मी उशिरा भरली होती ना,
तेव्हा चुकला होता.

शनिवारी रात्री आम्ही अकराजण गेलो.
गरवारे पॉइंटपासून आत, वळून, पुन्हा वळून.
कूलंटचा आंबूस वास, एक पेंगलेलं कुत्रं,
वॉचमनच्या मोबाइलवर कुणाचं तरी कीर्तन.
सानप बनियनवर बाहेर आले,
एवढे साहेब लोक बघून शर्ट घालायला आत गेले.
मग आम्ही सगळे उभे राहिलो, न बोलता.
मुलांनी फोन खिशात ठेवले, मी सांगितलं नव्हतं.

ठोका पडत होता. पण विरळ.
दोन ठोक्यांमध्ये मी श्वास घेऊन सोडत होतो.
ऐकलं? सानप म्हणाले. चालू आहे,
पण पोटासाठी नाही, कामगार टिकावा म्हणून.
मी विचारलं, मग मागवणार?
ते हसले. तुम्ही शिकवता ना हे?

समजा.
मराठीत शब्द एकच:
धरून चाला, आणि उमजून घ्या.
अठरा वर्षं मी पहिलाच अर्थ शिकवत आलो,
आणि परीक्षेत तेवढाच विचारत आलो.

सोमवारी मॅडमनी तक्ता पुढे सरकवला.
ही भेट कोणत्या फलनिष्पत्तीखाली दाखवायची?
परवानगीचं पत्र कुठाय? बस कुणाची होती?
रिक्षा, म्हणालो. तीन. मीटरनं नाही.

वर्गात गेलो तर गुरुवारचं झाड तसंच होतं.
सहा पुसून त्या जागी कुणीतरी
खडूनं एक कान काढला होता,
मोठा, जरा वेडावाकडा.
चार मात्र तसेच.

बेरीज काही जमत नव्हती.
सव्वाअकरा झाले होते,
एकेचाळीसपैकी एकोणचाळीस आले होते,
आणि मी डस्टर हातात धरून
बराच वेळ तिथंच.